पांढऱ्याकडे न बघता काळ्यांच्या पाच चाली?

बुद्धिबळात काळ्या मोहऱ्यांनी खेळणाऱ्यांसाठी एक सल्ला सध्या सगळीकडे फिरतोय: "एकच मांडणी पाठ करा. जी६, उंट जी७, डी६, घोडा एफ६, कॅसलिंग. पांढरा काहीही खेळो, या पाच चाली डोळे झाकून करा. सापळ्यांची भीती नाही, राजा सुरक्षित, थिअरी शून्य. विश्वविजेतेही हेच खेळतात."

(अक्षर म्हणजे पटावरचा उभा स्तंभ, आकडा म्हणजे आडवी ओळ; मोहऱ्याचं नाव नसेल तर चाल प्याद्याची. कॅसलिंग म्हणजे राजा आणि हत्ती यांची एकत्र चाल, थिअरी म्हणजे सुरुवातीच्या चालींचा अभ्यास.) मांडणीबद्दल तक्रार नाही. किंग्ज इंडियन, पिर्क आणि मॉडर्न हे तिन्ही बचाव तिच्यातूनच उभे राहतात, आणि हौशी खेळाडूला ते वर्षानुवर्षं पुरतात. खोट आहे ती डोळे झाकण्यात.

"पांढरा काहीही खेळो." बरं, तो बी३ खेळला. तुम्ही जी६. त्याने उंट बी२ वर आणला. आता पाठ केल्याप्रमाणे उंट जी७ वर ठेवलात, तर तो फुकट मारला जातो. त्या घराला तुमच्या एकाही मोहऱ्याचा जोर नाही. शिवाय मारणारा उंट तिथूनच एच८ च्या हत्तीवर नेम धरतो आणि हत्तीला हलायला जागा नसते. दोनच चाली झाल्या आणि डाव संपल्यात जमा. इथे आधी घोडा एफ६ वर हवा, उंट त्यानंतर.

यावर ठरलेलं उत्तर येतं: मग घोडाच नेहमी पहिला काढू. काढा. पांढरा ई४ खेळला, तुम्ही घोडा एफ६, त्याने प्यादं ई५ वर ढकललं. दुसऱ्या चालीला तुम्ही 'ठरलेलं' जी६ केलंत की घोडा गेला. म्हणजे पाच चालींचा असा कोणताही क्रम नाही जो न बघता खेळता येईल. ई४ समोर असेल तर डी६ आधी आणि घोडा नंतर, हा पिर्कचा क्रमसुद्धा याच ई५ च्या धाकातून आलेला आहे.

"सापळ्यांची भीती नाही." जोडीतली पहिली चाल पांढऱ्याची, दुसरी तुमची: ई४ जी६, डी४ उंट जी७, घोडा एफ३ डी६, उंट सी४. आता घोडा डी७ वर काढणं अगदी निरुपद्रवी वाटतं. पण पांढरा उंट एफ७ वर मारून शह देतो. राजाने उंट मारला की घोडा जी५ वर येऊन पुन्हा शह. राजा मागे हटला तर घोडा ई६ वर आणि वजीर गेला. राजा एफ६ वर चढला तर वजीर एफ३, मात! हे सापळे फार जुने आहेत, आणि लागतात ते न बघता खेळणाऱ्यालाच.

"कॅसलिंग झालं की राजा सुरक्षित." हा दावा सर्वात महागात पडतो, कारण तो बऱ्याचदा खरा ठरतो. पिर्कमध्ये पांढऱ्याने उंट ई३ वर आणि वजीर डी२ वर लावला, तर त्याचा बेत उघड आहे: उंट एच६ वर आणून तुमच्या जी७ च्या उंटाशी अदलाबदल करायची, मग एच४, एच५ करून हत्तीची रांग उघडायची. तो उंट गेला की एफ६ आणि एच६ ही घरं उघडी पडतात. इथे घाईने कॅसलिंग करणं म्हणजे राजा नेमका हल्ल्याच्या तोंडी नेऊन ठेवणं. त्यापेक्षा राजा मधेच थांबवावा आणि सी६, बी५ करून सी३ च्या घोड्याला सतवावं. पांढऱ्याने तरीही एच६ वर उंट आणलाच, तर तो मारून त्याचा वजीर कडेला ओढता येतो, आणि तुमचा राजा वजिराच्या बाजूलाही जाऊ शकतो. मांडणी लवचीक आहे ती यामुळे.

"थिअरी शून्य." पाठांतर कमी, इतपत मान्य. पण पाच चालींनंतर ई५ करायचं की सी५, हे पांढऱ्याच्या प्याद्यांवरून ठरतं. त्याने सी४, डी४, ई४ अशी भिंत उभारली तर किंग्ज इंडियनमधलं नेहमीचं उत्तर ई५. मग त्याने डी५ करून मध्य बंद केला की एफ६ चा घोडा बाजूला करून एफ५ ढकलायचं. पिर्कमध्ये त्याने एफ४ केलं तर सी५ चा धक्का जास्त उपयोगी. एवढं समजून घ्यायला फार दिवस लागत नाहीत, पण ते शून्य नव्हे.

राहिले विश्वविजेते. १९७२ च्या रेकयाविकमधल्या विश्वविजेतेपदाच्या लढतीत फिशर तेव्हाचा विजेता स्पास्कीविरुद्ध पिर्क खेळला, सतराव्या डावात. त्याच लढतीत काळ्यांकडून तो सिसिलियन आणि अलेखिन बचावही खेळला होता. १९७८ मध्ये फिलिपाइन्समधल्या बागिओला आव्हानवीर कोर्चनॉयने विश्वविजेत्या कार्पोव्हविरुद्ध निर्णायक बत्तिसाव्या डावात पिर्क निवडला. कार्पोव्हने तो डाव जिंकला आणि विजेतेपद राखलं. याचा अर्थ पिर्क वाईट असा नाही. पण नावाजलेल्यांची नावं घेऊन चाली निर्धोक होत नाहीत.