शुक्रवारी रात्री साडेनऊला कोण लढणार?

घोडबंदर रोडला हल्ली इतक्या जिममध्ये पंचिंग बॅग टांगलेली दिसते की कुणालाही वाटावं, ठाणं बॉक्सिंगवेडं झालंय. माझ्या मैत्रिणीच्या मुलालाही तसंच वाटलं. तो स्वतः थोडंफार खेळलेला, आता पोरांना शिकवतो. त्याच्या डोक्यात आलंय की ठाण्यात एखादा हॉल घ्यायचा, व्यावसायिक बॉक्सिंगची एक दणदणीत रात्र भरवायची आणि ती मराठी चॅनेलवर लाइव्ह दाखवायची. माझी नोकरीतली बहुतेक वर्षं चॅनेलवरचा जाहिरातीचा वेळ विकण्यात गेली, म्हणून स्वारी माझ्याकडे. "मावशी, तू फक्त चॅनेलवाल्यांशी गाठ घालून दे. ते किती पैसे देतील तेवढं कळलं की मी हॉल बुक करतो."

देतील? अरे राजा, मागतील!

हक्कांसाठी चॅनेलं रांग लावतात ती क्रिकेटच्या दारात. आयपीएलचे २०२३ ते २०२७ चे हक्क ४८,३९० कोटींना गेले. धडपडणाऱ्या नव्या खेळाला चॅनेल सांगतं, स्लॉट विकत घ्या, कॅमेरे तुमचे, कॉमेंट्री तुमची, जाहिराती तुम्हीच आणा. सकाळी टेलिशॉपिंगवाले करतात तोच व्यवहार. यात कमीपणा मानायचं कारण नाही, कारण अमेरिकेतही हेच झालंय. २०१५ मध्ये अल हेमन या बॉक्सिंगमधल्या बड्या माणसाने प्रीमियर बॉक्सिंग चॅम्पियन्स ही लढतींची मालिका सुरू केली, तेव्हा एनबीसीसारख्या नेटवर्कचा वेळ त्याने स्वतः पैसे मोजून घेतला होता. हिशेब असा, की आधी लोकांना फुकट दाखवू, सवय लावू, मग नेटवर्क आपणहून पैसे देतील. गुंतवणूकदारांचा ढीगभर पैसा त्यात गेला. पुढे फॉक्स आणि शोटाइम या चॅनेलांनी करार केले खरे, पण २०२३ संपताना शोटाइमने खेळच बंद केले. एचबीओने तर २०१८ मध्येच, पंचेचाळीस वर्षांच्या संसारानंतर, बॉक्सिंगला रामराम ठोकला होता. ज्या देशात अली आणि टायसन झाले तिथली ही गत.

यावर नेहमीचं उत्तर तयार असतं: लोकांना मारामारी बघायला आवडत नाही, घरात बायकापोरं असतात. मला हे पटत नाही. आपल्याच घरातल्या पोरांनी डब्ल्यूडब्ल्यूई बघत गाद्या फाडल्यात. मुद्दा रक्ताचा नाही, वेळापत्रकाचा आहे. बॉक्सिंग चॅनेलला कुठलाच शब्द देऊ शकत नाही. लढत किती वेळ चालेल, सांगता येत नाही. पुढच्या आठवड्यात कोण लढेल, सांगता येत नाही. जो आज जिंकला तो पुन्हा कधी दिसेल, तेही नाही.

आता हे विकणाऱ्याच्या बाजूने बघा. आपल्याकडे जाहिरातीचा भाव दहा सेकंदांचा असतो आणि नियमाने तासाला बाराच मिनिटं मिळतात. क्रिकेटमध्ये षटक संपलं की जाहिरात, विकेट पडली की जाहिरात. बारा राउंडची विजेतेपदाची लढत कागदावर यापेक्षाही गोड दिसते: तीन-तीन मिनिटांचे बारा राउंड, मध्ये एकेका मिनिटाच्या अकरा विश्रांत्या, म्हणजे सत्तेचाळीस मिनिटं. मी अकरा ब्रेक विकते. सिमेंटवाला घेतो, तेलवाला घेतो. आणि मग जून १९८८ मध्ये टायसनने स्पिंक्सला ९१ सेकंदांत आडवं केलं तसं काहीतरी होतं. माझा एकही ब्रेक लागला नाही. आता प्रत्येक जाहिरातदाराला मेकगुड द्या, म्हणजे तेवढेच सेकंद दुसरीकडे कुठेतरी फुकट दाखवा. प्रेक्षक आयुष्यभर सांगत फिरेल की मी तो ठोसा पाहिला, आणि सेल्सवाली बाई दुसऱ्या दिवशी सकाळी क्लायंटचे फोन चुकवत फिरेल. शिवाय विश्रांतीच्या त्या मिनिटातच खरं नाट्य असतं. कोपऱ्यात कोच ओरडत असतो, डोळ्यावरची सूज दाबत असतात. तिथे साबणाची जाहिरात टाकली तर बघणारा शिव्या घालतो, नाही टाकली तर पैसे कुठून येणार?

डब्ल्यूडब्ल्यूईचं गणित इथे बरोबर उलटं आहे. तिथे शेवट आधी ठरलेला, त्यामुळे वेळही ठरलेली. तेच चेहरे दर आठवड्याला. हरलेला माणूस पुढच्या वेळी माइक हातात घेऊन धमक्या देतो आणि त्याची किंमत वाढते. खऱ्या बॉक्सिंगमध्ये मोठा खेळाडू वर्षातून एक-दोनदा उतरतो आणि एक पराभव झाला की निम्मा बाजार उठतो. म्हणून मग प्रमोटर त्याला सोपे प्रतिस्पर्धी देत राहतात, म्हणून मग लढती कंटाळवाण्या होतात. त्यात विजेतेपद देणाऱ्या संघटना चार: डब्ल्यूबीए, डब्ल्यूबीसी, आयबीएफ, डब्ल्यूबीओ. एकाच वजनगटात एकाच वेळी चार जगज्जेते! माझ्या सासऱ्यांना मी हे समजावायचा प्रयत्न केला, तर ते म्हणाले, "म्हणजे पक्षफुटीसारखं?" मी म्हटलं, हो, चिन्हाच्या भांडणासकट.

आपल्याकडचं उदाहरण घ्यायचं तर विजेंदर सिंगचं. २००८ चं ऑलिंपिक कांस्य, देखणा चेहरा, सगळा देश ओळखतो. २०१५ मध्ये तो व्यावसायिक झाला. ५ ऑगस्ट २०१७ ला वरळीच्या एनएससीआयमध्ये त्याची चीनच्या झुल्पिकार मैमैतियालीशी लढत झाली आणि तो जिंकला. तेव्हा डोकलामचा तणाव चालू होता, त्यामुळे भारत विरुद्ध चीन असा सरळ मामला. सीमेवर शांतता राहावी म्हणून विजेतेपदाचा बेल्ट परत द्यायलाही तयार आहे, असं जिंकल्यावर तो म्हणाला आणि दुसऱ्या दिवशी बातमी त्याचीच झाली. याहून चांगली जाहिरात कुठल्या एजन्सीने लिहिली असती? पण त्या रात्री जे नवे प्रेक्षक आले ते चीनला हरवायला आले होते. पुढच्या शुक्रवारी त्यांच्यासाठी काय होतं? काहीच नाही. डिसेंबर २०१७ ला जयपूरला तो पुन्हा लढला आणि त्यानंतर थेट जुलै २०१९ मध्ये, अमेरिकेत. दीड वर्ष. मराठी मालिकेची नायिका दीड महिना दिसली नाही तर लोक चॅनेलला पत्रं लिहितात.

लीगही काढून झाल्या. वर्ल्ड सिरीज ऑफ बॉक्सिंगमध्ये २०११-१२ ला मुंबई फायटर्स नावाचा संघ होता. २०१७ मध्ये सुपर बॉक्सिंग लीग झाली. २०१९ च्या बिग बाउट लीगमध्ये बॉम्बे बुलेट्स होता. आपल्या खाडीच्या या बाजूला यातलं एक तरी नाव आठवणारा माणूस मला दाखवा.

तिकडे हे सगळं पे-पर-व्ह्यूने, म्हणजे घरी बघायला एकेका लढतीचे वेगळे पैसे घेऊन, सावरतात. मे २०१५ ची मेवेदर-पॅक्याव लढत अमेरिकेत सेहेचाळीस लाख वेळा विकली गेली, एका घराला जवळजवळ शंभर डॉलर. आपल्याकडे स्पोर्ट्स चॅनेल महिन्याला एकोणीस रुपयांना मिळतं आणि त्यावरही लोक केबलवाल्याशी हुज्जत घालतात. गंमत म्हणजे हेच लोक कोल्डप्लेसाठी नेरूळच्या डी. वाय. पाटीलवर हजारो रुपयांची तिकिटं काढून गेले. म्हणजे पैसा आहे. पण तो तिथे जाण्याचा, फोटो टाकण्याचा पैसा आहे, घरच्या सोफ्यावर बसून बघण्याचा नाही. आणि खरं सांगू, पे-पर-व्ह्यू आपल्याकडे चालत नाही हे बरंच आहे. त्याने बॉक्सिंगचे खिसे भरले, पण खेळ सामान्य घरातून उठून गेला. १९९३ मध्ये बेन आणि यूबँकची दुसरी लढत ब्रिटनमध्ये आयटीव्ही या साध्या, फुकट चॅनेलवर दीड कोटीहून जास्त लोकांनी पाहिली होती. तीनच वर्षांत टायसन-ब्रुनोपासून स्काय चॅनेलने वेगळे पैसे घेऊन लढती दाखवायला सुरुवात केली.

पैशाची दुसरी वाट प्रायोजकांची. तीही आपल्याकडे अरुंद. परदेशात रिंगच्या जमिनीवर बिअर आणि बेटिंग कंपन्यांची नावं असतात. आपल्याकडे दारू-तंबाखूच्या जाहिरातींना टीव्हीवर बंदी, बेटिंगला बंदी, आणि २०२५ च्या कायद्याने पैसे लावून खेळायचे ऑनलाइन गेमही बंद झाले. भारतीय क्रिकेट संघाच्या जर्सीवरून ड्रीम इलेव्हन उतरलं ते त्याच फटक्यात. मग उरलं काय? सळई, सिमेंट, बनियन, प्रोटीन पावडर आणि ठाण्यातले बिल्डर. मसालेवाले आणि विमावाले मात्र घाबरतात, आणि त्यांची भीती अगदी खोटी नाही. मार्च १९६२ मध्ये बेनी पॅरेट नावाच्या बॉक्सरला एमिल ग्रिफिथने एबीसी चॅनेलच्या थेट प्रक्षेपणात असं बडवलं की दहा दिवसांनी तो मेला. १९६४ पर्यंत अमेरिकेतल्या नेटवर्कवरून साप्ताहिक बॉक्सिंग गेलं. एकट्या त्या मृत्यूने गेलं नाही, लोकही कंटाळले होते. पण असं काही घडल्यावर आपलं नाव पडद्यावर कुठल्या कंपनीला हवं असेल? त्यामुळे रिंगजवळ डॉक्टर, दाराशी अॅम्ब्युलन्स, खेळाडूंचा विमा, हे खर्च माझ्या या मानलेल्या भाच्याच्या कागदावर सगळ्यात वर हवेत. त्याने ते सगळ्यात खाली, एलईडी स्क्रीनच्याही खाली लिहिले होते. त्यावरून मी त्याला झापलं.

यावर नेटफ्लिक्सचं उदाहरण देणारे मध्ये येतातच. नोव्हेंबर २०२४ ला अठ्ठावन्न वर्षांचा टायसन आणि यूट्यूबवाला जेक पॉल लढले, कंपनीने सांगितलं सहा कोटी घरांत बघितलं गेलं. आपल्याकडे शनिवार सकाळ होती आणि अर्ध्या लोकांनी गोल फिरणारं चक्रच पाहिलं. त्याच रात्री आपला नीरज गोयत सहा राउंड लढून जिंकला. किती जणांना माहीत आहे?

आता आमच्या ठाण्याकडे बघा. दहीहंडीच्या दिवशी मराठी न्यूज चॅनेलं सकाळपासून रात्रीपर्यंत इथे ठाण मांडून असतात. जय जवान पथकाने २०१२ मध्ये नऊ थरांचा विक्रम इथेच केला, २०२५ मध्ये कोकण नगरने दहा लावले. पडण्याची भीती आहे, हातपाय मोडतात, तरी प्रायोजक हात आखडता घेत नाहीत. कारण बघणाऱ्याला कुणी काही समजावून सांगावं लागत नाही आणि प्रत्येक पथकाला पत्ता आहे. जोगेश्वरीचं, माझगावचं, आपल्या गल्लीचं. कबड्डीनेही हेच केलं: वीस-वीस मिनिटांचे दोन डाव, तीस सेकंदांची चढाई, संध्याकाळची ठरलेली वेळ. २०१४ मध्ये प्रो कबड्डी आली तेव्हा लोक हसले होते.

म्हणून मी भाच्याला सांगितलं की बेल्ट विसर, दिल्लीहून स्टार आणायचं विसर. चार राउंडच्या लढती ठेव. पूर्ण चालली तरी एक लढत पंधरा मिनिटांत संपते. अशा पाच घे आणि एक राखीव जोडी तयार बसव. कुणी पहिल्याच मिनिटात पडला तर तिला लगेच उतरव. अमेरिकेत याला स्विंग बाउट म्हणतात, तिकडच्या टीव्हीवाल्यांची ही जुनी युक्ती. खेळाडू कळव्याचा, मुंब्र्याचा, ऐरोलीचा, कोपरखैरण्याचा असू दे आणि तसंच पडद्यावर लिहून येऊ दे. मुलींची एक लढत दर वेळी हवीच; निखत झरीन आणि लवलिना बोरगोहाईन या बॉक्सरमुळे घरातल्या बायकांना बॉक्सिंग म्हणजे काय ते आता सांगावं लागत नाही. आणि हे एकदा करून फटाके वाजवायचे नाहीत. सलग आठ आठवडे, त्याच दिवशी, त्याच वेळी. आठही भागांचे पैसे हातात नसतील तर पहिला करू नकोस.

त्याला हे फार बारकं वाटलं. त्याला धूर, लेझर आणि बॉलिवूडचा पाहुणा हवा होता. पण चार दिवसांनी नवा कागद घेऊन आला, डॉक्टर पहिल्या ओळीत. खेळाडू मिळवणं हा मात्र अजून घोळ आहे. चांगली पोरं पोलिसात किंवा रेल्वेत खेळाडू कोट्यातून लागायची वाट बघत असतात, आणि त्यांना मी कुठल्या तोंडाने सांगू की पक्की नोकरी सोडून चार राउंडसाठी ये? त्यामुळे मानधन तिकीटविक्रीवर न ठेवता आधी जमा करायचं, एवढं त्याच्याकडून कबूल करून घेतलंय.

सध्या गाडी वारावर अडली आहे. तो रविवार म्हणतो. रविवारी क्रिकेट असतं, मालिकांचे महाएपिसोड असतात, आणि आमच्या जुन्या बिरादरीत कुणीही रविवारी नवा खेळ लावणार नाही. मी शुक्रवार रात्री साडेनऊवर ठाम आहे. तुमच्या घरी शुक्रवारी साडेनऊला रिमोट कुणाच्या हातात असतो, तेवढं कमेंटमध्ये लिहा. क्लायंटला दाखवायला उपयोगी पडेल.