मुलाच्या नावापुढे खूण करण्यापूर्वी

अंगणवाडी सेविकांना स्मार्टफोन आणि डीटीएच वाहिन्यांवरून बालशिक्षणाचे प्रशिक्षण द्यावे, असे २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणात म्हटले आहे. त्यापुढे जाऊन, चावणारे, अंगावर धावून जाणारे किंवा महिनोन्महिने गप्प बसणारे मूल सेविकेने थेट अ‍ॅपवर नोंदवावे, असा आग्रह महाराष्ट्रातील माझे स्नेही धरतात. मेलबर्नमध्ये राहून मला तो अर्धाच पटतो.

ऑस्ट्रेलियात २००९ पासून दर तीन वर्षांनी बालविकासाची राष्ट्रीय गणना होते. शाळेच्या पहिल्या वर्षातील मुलांविषयी शिक्षक ऑनलाइन प्रश्नावली भरतात आणि तीत सामाजिक वर्तन व भावनिक परिपक्वता यांचाही विचार असतो. मात्र निष्कर्ष वस्तीनिहाय प्रसिद्ध होतात, एखाद्या मुलाचे निदान म्हणून ते वापरले जात नाहीत. प्रश्नावली भरताना वर्ग सांभाळायला बदली शिक्षक मिळावा म्हणून शाळेला पैसेही मिळतात, आणि मला तर हीच तरतूद सर्वांत शहाणपणाची वाटते. एखाद्या मुलाविषयी काळजी वाटल्यास व्हिक्टोरिया राज्यातील किंडरगार्टनच्या शिक्षिकेला ‘प्रीस्कूल फील्ड ऑफिसर’ बोलावता येतो. तो पालकांच्या संमतीने वर्गात येऊन मूल पाहतो आणि शिक्षिकेला उपाय सुचवतो. पुढे तज्ज्ञ डॉक्टरांची वेळ मिळण्यासाठी इथेही ताटकळावे लागते, हे सांगायलाच हवे.

आपल्या सेविकेकडे वजन-उंची, आहार, गृहभेटी आणि ‘पोषण ट्रॅकर’ या सरकारी अ‍ॅपवरच्या नोंदी आधीच आहेत. निकृष्ट मोबाईल आणि मराठी नसलेले अ‍ॅप यांना वैतागून २०२१ मध्ये राज्यातील सेविकांनी शासनाचे फोन परत केले होते. सेविकेच्या फोनवर वर्तनाचा आणखी एक रकाना आला, तर मुलाकडे पाहायचे राहील आणि रकाना तेवढा भरला जाईल.

म्हणून फोनचा उपयोग सेविकेची नजर तयार करण्यासाठी व्हावा. आपल्याच अंगणवाड्यांतील प्रसंगांच्या छोट्या मराठी चित्रफिती पर्यवेक्षिकेने बीटच्या, म्हणजे तिच्या देखरेखीखालील अंगणवाड्यांच्या, बैठकीत दाखवाव्यात आणि त्यांवर चर्चा घडवावी. मेळघाटातील कोरकू बोलणारे मूल मराठी अंगणवाडीत गप्प बसते, तसेच घरी केवळ मराठी ऐकलेले मूल इथल्या किंडरगार्टनमध्येही गप्प बसते. ही शांतता नव्या भाषेपुढची आहे की आणखी कशाची, हे ओळखण्याचा सराव त्यांत असावा. खरी शंका उरलीच, तर ती आधी पालकांशी बोलून, मग राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाच्या तपासणी पथकापुढे ठेवावी. हे पथक वर्षातून दोनदा अंगणवाडीत यायचे असते आणि तिथून मुलाला जिल्हा शीघ्र हस्तक्षेप केंद्रात, म्हणजे वाढीतील अडचणींवर लवकर उपचार करणाऱ्या केंद्रात, पाठवण्याची सोय आहे. तोवर कोणत्याही अ‍ॅपवर त्या मुलाच्या नावापुढे ‘वर्तनसमस्या’ अशी खूण असू नये.