सही करण्याआधी

रविवारी आमच्या संस्थेच्या विश्वस्त मंडळाची सभा झाली. विषय चौथा: खालची दोन दुकानं आहेत त्याच भाडेकरूला आणखी नऊ वर्षांसाठी देणे. सचिवकाका 'सर्वानुमते मंजूर' लिहायला लागलेसुद्धा. मी करारनामा वाचायला मागितला. काका दुखावले. "तीस वर्षं ही वास्तू सांभाळतोय, आता भरवसा नाही का?"

काका, भरवसा पुरेपूर आहे. पदरचं पेट्रोल जाळून तुम्ही संस्थेसाठी किती खेटे घातलेत, ते मी पाहिलंय. पण वास्तू तुमची नाही, माझीही नाही. मध्य प्रदेशच्या १९५१ च्या सार्वजनिक न्यास कायद्याचं कलम १४ सांगतं की रजिस्ट्रारच्या पूर्वपरवानगीशिवाय न्यासाची स्थावर मिळकत विकता येत नाही, गहाण टाकता येत नाही, आणि इमारत ३ वर्षांपेक्षा जास्त मुदतीने भाड्यानेही देता येत नाही. आम्ही अकरा जण नऊ वर्षांवर हात वर करायला निघालो होतो!

आपण इंदूरकरांनी तरी हे विसरू नये. अहिल्यादेवींच्या देवस्थानांसाठी १९६२ साली झालेल्या 'खासगी' नावाच्या ट्रस्टचं प्रकरण मिळकतींच्या व्यवहारांवरून सर्वोच्च न्यायालयात गेलं. जुलै २०२२ मध्ये निकाल आला: हा सार्वजनिक न्यास आहे, याच कायद्याखाली नोंदणी करा. ज्या बाईंनी राज्यसुद्धा श्रीशंकराचं मानून चालवलं, त्यांच्या गावात विश्वस्त या शब्दाचा अर्थ वेगळा सांगावा लागू नये.

आणखी एक, जरा अवघड गोष्ट. भाडेकरू आमच्याच एका विश्वस्तांचे मेहुणे आहेत. त्यात गैर काही नाही. पण त्यांनी ते आधी सांगून त्या विषयापुरतं बाहेर बसायला हवं होतं, आणि तशी नोंद इतिवृत्तात यायला हवी होती. त्यांचंही नाव त्यातच राखलं जातं.

शारदोत्सवाच्या जेवणावर आम्ही पाऊण तास बोललो. ताळेबंद पाच मिनिटांत संपला, कारण तो सभेतच हातात पडला. कागद आठ दिवस आधी घरी आले तरच माणूस वाचेल ना? ते मी लेखी मागितलंय.

दुकानांचा विषय पुढच्या सभेवर गेला. मंगळवारी संध्याकाळी काका स्वतः फाइल घेऊन घरी आले. पहिल्या करारापासूनची एकेक पावती ओळीने लावलेली, काकांच्याच अक्षरात. आता ती फाइल अकराही घरांत फिरतेय, प्रत्येकाकडे दोन दिवस.