साइट आधी, मास्टर्स नंतर

बी.ई. सिव्हिलचे निकाल लागले की मुलामुलींचे फोन सुरू होतात. "सर, प्रोजेक्ट मॅनेजमेंटमध्ये मास्टर्स करू का?" मी बांधकामाच्या प्लॅनिंगमध्ये काम करतो, म्हणून मला विचारतात. यंदा सगळ्यांसाठी इथेच लिहितोय.

करा. पण लगेच नको. आधी दोन-तीन वर्षं साइटवर काढा.

क्रिटिकल पाथ मेथड, म्हणजे कामांची कोणती साखळी अख्ख्या प्रकल्पाची मुदत ठरवते हे काढायची पद्धत, १९५७ च्या सुमारास ड्यूपाँट आणि रेमिंग्टन रँड या अमेरिकी कंपन्यांच्या लोकांनी बसवली. कारखान्यांच्या बांधणी-दुरुस्तीत जाणारा वेळ त्यांना वाचवायचा होता. आधी अडचण होती, शास्त्र तिच्या मागून आलं. कॉलेजातून थेट मास्टर्सला जाणाऱ्याला अडचण माहीतच नसते आणि तो उत्तरं पाठ करत बसतो. प्रिमावेरा या शेड्यूलच्या सॉफ्टवेअरमध्ये कामांचे बार काढायला थोड्या दिवसांत जमतं. एका स्लॅबपासून पुढच्या स्लॅबपर्यंतचं चक्र बारा दिवसांचं धरायचं की अठरा, हे प्रिमावेरा सांगत नाही. होळीला गावी गेलेले सेंटरिंगवाले (स्लॅबचा साचा बांधणारे) किती परततील? आर्किटेक्टकडून सुधारित ड्रॉइंग हातात पडायला खरे किती दिवस लागतात? जूनमध्ये खोदकाम उघडं राहिलं तर पुढे किती दिवस नुसतं पाणी उपसण्यात जातील? आरए बिल (चालू कामाचं टप्प्याटप्प्याचं बिल) अडकलं की कंत्राटदार आधी कुठली माणसं काढून घेतो? हे पाहिलेल्याचं शेड्यूल आणि न पाहिलेल्याचं शेड्यूल मला पहिल्या पानावर ओळखू येतं.

मग साइटवरच सगळं शिकता येत असेल तर पदवी कशाला, असंही काही जण म्हणतात. मला ते पटत नाही. साइटवर करार शिकायला मिळत नाही. ज्युनियरच्या हातात कराराची प्रत कोण देतो? मुदतवाढ कशी मागायची, उशीर कुणाच्या खात्यावर टाकायचा, रोखीचा हिशेब कसा मांडायचा, हे कुणीतरी नीट बसवून शिकवावं लागतं. फिडिक या आंतरराष्ट्रीय अभियंता-सल्लागार संघटनेच्या १९९९ च्या लाल पुस्तकाप्रमाणे (बांधकामाच्या कराराचा नमुना) कंत्राटदाराने दाव्याची नोटीस २८ दिवसांत दिली नाही, तर त्याचा हक्कच जातो. साइट पाहिलेला मुलगा हे कलम वाचताना सावरून बसतो, कारण त्याने महिनोन्‌महिने पत्र न लिहिता काम ओढणारे लोक पाहिलेले असतात.

कुठे करायचं? सर्वसाधारण 'प्रोजेक्ट मॅनेजमेंट'पेक्षा बांधकाम व्यवस्थापन घ्या. पुण्यात सीओईपी, मुंबईत व्हीजेटीआय आहे. गेट या प्रवेश परीक्षेच्या गुणांवर प्रवेश मिळाला तर एआयसीटीईची (तंत्रशिक्षण परिषदेची) दरमहा १२,४०० रुपये शिष्यवृत्तीही मिळू शकते. पुण्यात बालेवाडीचं निकमार तर बांधकाम व्यवस्थापन शिकवण्यासाठीच उभं राहिलं. नोकरी सोडणं परवडत नसेल तर पीएमपी हे प्रकल्प व्यवस्थापनाचं प्रमाणपत्र आहे. त्यालाही चार वर्षांच्या पदवीनंतर ३६ महिने प्रकल्प सांभाळल्याचा अनुभव लागतो, म्हणजे तिथेही काम आधीच.

परदेशाबद्दल स्पष्ट बोलतो. घर किंवा शेत गहाण ठेवून, अनुभव नसताना इंग्लंडला एका वर्षाच्या एम.एस्सी.ला जाऊ नका. शिक्षणानंतर तिथे राहायला मिळणारा ग्रॅज्युएट व्हिसा दोन वर्षांचा होता. १ जानेवारी २०२७ पासून अर्ज करणाऱ्या मास्टर्सवाल्यांना तो १८ महिन्यांचाच मिळणार आहे. तेवढ्यात अननुभवी माणसावर प्रकल्प कोण सोपवेल? अमेरिकेला जाणार असाल तर तो कोर्स स्टेमखाली (विज्ञान, तंत्रज्ञान, अभियांत्रिकी, गणित) नोंदलेला आहे का, हे कॉलेजकडून लेखी घ्या. स्टेम नसेल तर काम करायची परवानगी १२ महिन्यांवर संपते, असेल तर आणखी २४ महिने मिळू शकतात. एजंट हे आपणहून सांगेल अशी आशा धरू नका.

मुलींना मात्र मी 'आधी साइट' एवढंच सांगून थांबत नाही. अनेक कंत्राटदार त्यांना साइटवर घ्यायलाच तयार नसतात. राहायची सोय नाही, रात्रीचं काँक्रीट असतं, अशी कारणं देतात आणि टेंडरच्या टेबलावर बसवून ठेवतात. याची मला मनापासून चीड येते. अशा वेळी कॅम्पसमधून थेट मोठ्या कंपनीच्या प्लॅनिंगला शिरायला मास्टर्सचा उपयोग होतो, तो जरूर करून घ्या. फक्त नोकरीच्या पहिल्याच दिवशी साइटवर पोस्टिंग मागा, आणि लेखी मागा.