‘पंख्याचा रेग्युलेटर लावा’ म्हणणाऱ्या वाचकांस

मागच्या आठवड्यात स्टेन्ड ग्लाससाठी, म्हणजे रंगीत काचेचे तुकडे जोडायच्या कामासाठी, तापमान नियंत्रित सोल्डरिंग आयर्न (डाख द्यायचं विजेचं हत्यार, त्याचं तापणारं टोक म्हणजे बिट) कसं निवडावं यावर लिहिलं होतं. त्यावर ‘जुना कारागीर’ या नावाने आलेली प्रतिक्रिया आधी जशीच्या तशी देते:

“ताई, लेख वाचला. हौशी लोकांना खर्चात पाडायचे धंदे बंद करा. शंभर वॅटचं साधं आयर्न घ्यायचं आणि पंख्याचा रेग्युलेटर लावायचा, तेच काम होतं. आम्ही चर्चच्या खिडक्या अशाच जोडल्या. खरी गोष्ट वॅटची आणि बिटाच्या जाडीची असते, आकड्याची नाही. शिशाच्या धुराबद्दल अवाक्षर नाही. आणि ३८० फॅरनहाइटला सोल्डर कसं पळतं ते एकदा करून दाखवा.”

शेवटचं आधी घेते. लेखात मी ३८० फॅरनहाइट लिहिलं, तिथे सेल्सिअस हवं होतं. ३८० फॅरनहाइट म्हणजे जेमतेम १९३ सेल्सिअस, आणि ६०/४० सोल्डर (६० टक्के कथील, ४० टक्के शिसं) पूर्ण पातळ व्हायलाच १९० लागतात. तेवढ्यावर काम करायचं म्हणजे चिखल ढवळत बसायचं. चूक माझी. लेखात दुरुस्त केली आहे, आभार. चूक कबूल करताना माझी मान खाली जात नाही. काहींची जाते.

आता ‘ताई’. सुरुवात ताई म्हणून करायची आणि दुसऱ्याच वाक्यात ‘धंदे’ काढायचे, ही कुठली रीत? मला आजवर कुठल्याही कंपनीने एक बिटसुद्धा फुकट दिलेलं नाही. माझी सगळी हत्यारं पुण्याच्या बुधवार पेठेत पासोड्या विठोबाच्या आसपासच्या दुकानांतून, रांगेत उभं राहून, स्वतःच्या पैशांनी घेतलेली आहेत. पावत्या डब्यात आहेत. हवं तर फोटो टाकते. आणि ‘हौशी’ हा शब्द शिवीसारखा वापरायचं कारण कळलं नाही. हौस होती म्हणूनच पोळलेल्या मनगटाने दुसऱ्या दिवशी पुन्हा बसले.

बरं, रेग्युलेटर. हा शोध आपण लावलेला नाही. २०१४ साली मीही हेच केलं होतं. पहिलीच लॅम्पशेड, ११२ तुकडे, आणि शंभर वॅटच्या आयर्नला घरातल्याच पंख्याचा काढून ठेवलेला रेग्युलेटर. चारवर ठेवला की सोल्डर पिठल्यासारखं गुठळ्या धरायचं, पाचवर नेला की सरळ पूर्ण ताकद. मधलं काही नाहीच. कारण त्याच्या पायऱ्या पंख्याच्या मोटरसाठी बेतलेल्या असतात, आयर्नच्या वेटोळ्यासाठी नाही. पाचवर फॉइलचा (काचेच्या कडेला चिकटवायच्या तांब्याच्या पातळ पट्टीचा) गोंद जळला, पट्टी काचेपासून सुटली, सोल्डर फटीतून पलीकडे गळून मांडीवरच्या टॉवेलवर पडलं. मग ‘टिक्’ असा बारीक आवाज. निळ्या काचेला कडेपासून केसाएवढी रेघ. ज्याने तो आवाज ऐकलाय त्याला मी काय म्हणतेय ते कळेल.

आपण म्हणाल, मग दिव्याचा डिमर लावा, तो हवा तिथे थांबतो. थांबतो ना. पण डिमर काय करतो? आत किती वीज जाईल ते ठरवतो. बिट किती तापलंय हे त्याच्या गावीही नसतं. गॅसची कळ आणि तवा यांचा जो संबंध, तोच इथे. कळ एकाच जागी असली तरी भाकरी थापेपर्यंत रिकामा तवा धुरावतो, आणि पाठोपाठ चार भाकऱ्या टाकल्या की पाचवी पांढरीच राहते. फॉइलच्या कामात सोल्डरची धार सलग न्यावी लागते. तांबं आणि काच उष्णता ओढून घेत असतात, बिट थंडावत जातं आणि वीतभर अंतरावर गोलाई मोडते. आयर्न स्टँडवर ठेवून काच फिरवेपर्यंत तेच बिट भलतंच तापून काळं पडतं. मग नवसागरावर घासा. कल्हईवाल्याचा तोच नवसागर, पण रोज घासून बिटावरचा लोखंडाचा मुलामा किती दिवस टिकणार?

नियंत्रित आयर्न उलट चालतं. बिट थंडावलं की पूर्ण ताकद लावतं, ठरलेल्या आकड्याला पोचलं की आवरतं. वेलर कंपनीच्या शंभर वॅटच्या आयर्नमध्ये तर फिरवायला बटणही नाही. बिटाच्या मागच्या टोकाला चुंबकीय धातूचा तुकडा असतो, ठरावीक उष्णतेला त्याचं चुंबकत्व जातं आणि आतला स्विच सुटतो. तापमान बदलायचं तर बिट बदलायचं: ६ क्रमांकाचं ६०० फॅरनहाइटला, ७ चं ७०० ला, ८ चं ८०० ला. (हो, इथे फॅरनहाइटच. दोनदा तपासलं.) हाक्को कंपनीचं ६७ वॅटचं एफएक्स-६०१ घेतलं तर २४० ते ५४० सेल्सिअसपर्यंत चकतीने लावता येतं. मी स्वतः ३७० ते ४०० च्या मध्ये असते.

आणि विजेचं काय? सासवडच्या घरी उन्हाळ्यात संध्याकाळी २३० चे १९० व्होल्ट होतात. साध्या आयर्नची ताकद व्होल्टेजच्या वर्गाने घटते, म्हणजे शंभर वॅटचे अडुसष्ट उरतात. मग रेग्युलेटरवर आपण स्केचपेनने केलेल्या खुणेचा काय उपयोग? वडिलांचं सांगलीत रेडिओ दुरुस्तीचं दुकान होतं. सातवीत असताना मी सोल्डर मारायला शिकले, आणि आयर्न किती तापलंय हे ते बिट नाकाजवळ नेऊन सांगायचे. त्यांच्यासमोर ‘आकड्याला काही अर्थ नाही’ असं कुणी म्हटलं असतं तर त्यांनी त्याला दुकानाची पायरी चढू दिली नसती.

चर्चच्या खिडक्यांचं म्हणाल, तर आदर आहे. पण ते शिशाच्या केमचं (खाचा असलेल्या पट्ट्यांचं) काम, आणि माझा लेख तांब्याच्या फॉइलचा होता. मुंबईत विद्यापीठाच्या दीक्षान्त सभागृहातली बारा राशींची गोल खिडकी घ्या, जुन्या चर्चच्या घ्या, तिथे काच शिशाच्या खाचेत बसते आणि सोल्डर फक्त सांध्यांवर येतं. एक टेकवलं, उचललं, दुसऱ्या सांध्याकडे गेलात. तेवढ्यात बिट पुन्हा सावरतं. तुमचं रेग्युलेटरवर भागलं ते यामुळे. फॉइलला प्रत्येक कड, तीही दोन्ही बाजूंनी, सलग भरावी लागते. खरं तर केमला नियंत्रण अधिकच हवं: शिसं ३२७ ला वितळतं, आयर्न त्याच्या वर तापलेलं असतं, क्षणभर जास्त रेंगाळलात की केमलाच भोक. तुमच्या हाताला सवय असेल. नवख्याच्या हाताला कुठून येणार?

वॅट आणि बिटाची जाडी हा वेगळा विषय आहे, त्यात आत्ता शिरत नाही. माझ्या जुन्या साठ वॅटच्या सोल्डरिंग स्टेशनला पेन्सिलीसारखं टोकदार बिट होतं हे आपण लेखातल्या फोटोत पाहिलेलं दिसतंय. ते नंतर बदललं.

धुराबद्दल: खिडकी उघडी ठेवा, हात धुतल्याशिवाय खाऊ नका. यासाठी स्वतंत्र लेख लागतो असं मला वाटत नाही.

प्रतिक्रिया काढलेली नाही, काढणारही नाही. फक्त पुढच्या वेळी ‘धंदे’ वगळून लिहा. आणि एक विचारायचं होतं. तुमच्या त्या शंभर वॅटच्या आयर्नचं बिट किती मिलिमीटरचं आहे, आणि किती महिन्यांनी बदलता?