गरम असताना चालू न होणारी गाडी आम्ही थंड करून तपासली, चूक आमचीच

ताई नमस्कार, तुमचा एक स्टारचा रिव्ह्यू काल रात्री वाचला आणि आज सकाळी गॅरेज उघडल्या उघडल्या तुमच्या गाडीची तिन्ही जॉब कार्डं, म्हणजे तक्रार आणि काम लिहायचे कागद, काढून बसलो. तुम्ही लिहिलंय की उन्हात लांबवर चालवून गाडी बंद केली की १५-२० मिनिटांनी परत चालूच होत नाही, पाऊण तास थांबलं की काही झालंच नाही अशी चालू होते. आमच्याकडे तीनदा आणलीत, पहिल्यांदा आम्ही ओके म्हणून परत दिली, दुसऱ्यांदा बॅटरी बदलली, तिसऱ्यांदा पुन्हा ओके, आणि मग वडील सोबत असताना भर दुपारी रस्त्यात अडकलात तेव्हा दुसऱ्या मेकॅनिकने क्रँक सेन्सर बदलून अर्ध्या तासात विषय संपवला. हे सगळं खरं आहे. वडिलांना त्या उन्हात ताटकळत बसावं लागलं ते आमच्यामुळे, त्याची मनापासून माफी मागतो.

चूक कुठे झाली ते मला पहिल्याच जॉब कार्डवर सापडलं. तुम्ही काउंटरवर जे सांगितलं होतं ते मला आजही आठवतंय, "दोन तास चालवून पेट्रोल भरायला थांबले, मग सेल्फ नेहमीसारखा फिरतोय पण इंजिन पकडतच नाही". आणि कार्डवर माझ्या अक्षरात लिहिलंय, स्टार्टिंग प्रॉब्लेम. बस, दोन शब्द. आतल्या फिटरच्या हातात तेच दोन शब्द गेले, त्याने दुसऱ्या दिवशी सकाळी थंडगार गाडीला दहा वेळा सेल्फ मारला, दहाही वेळा चालू झाली, त्याने ओके लिहिलं. त्याचा दोष नाही, अर्धं निदान तुम्ही स्वतः करून आणलं होतं आणि ते मी कागदावर उतरवताना हरवलं.

बॅटरीचंही तसंच. सेल्फ जोरात फिरतोय याचा अर्थ बॅटरी, तिची टर्मिनलं, अर्थिंग, स्टार्टर मोटर ही सगळी बाजू आपलं काम करतेय. उष्णतेने स्टार्टर अडतो तेव्हा इंजिन जड फिरतं किंवा नुसता टक् आवाज येतो, तुमचं तसं कधीच नव्हतं. बॅटरी जुनी झाली होती, सेल्फ मारताना व्होल्टेज ९.८ पर्यंत खाली येत होतं म्हणून आम्हाला वाटलं हीच असेल, पण जुनी असणं वेगळं आणि तुमच्या प्रॉब्लेमचं कारण असणं वेगळं. ती बॅटरी तेव्हा बदलायची गरज नव्हती. तिचे पूर्ण पैसे आणि तिन्ही वेळची मजुरी परत करतोय, बॅटरी गाडीतच राहू द्या.

तिसऱ्या वेळी आम्ही खरंच प्रयत्न केला होता पण तोही चुकीचा. अर्धा तास ट्रायल मारली, गाडी बंद केली, लगेच चालू केली, झाली. आता यात गोम अशी आहे की गाडी चालू असताना कूलंट फिरत असतं, फॅन असतो, समोरून वारा लागत असतो. गाडी बंद केली की हे सगळं थांबतं पण इंजिनच्या लोखंडात साठलेली उष्णता कुठे जाणार, ती बाहेरच्या पार्टमध्ये उतरत राहते आणि बोनेट बंद असल्यामुळे पुढची १५-२० मिनिटं आतलं तापमान उलट वाढतं. म्हणजे लगेच सेल्फ मारला तर चालू होणार आणि चहापाणी करून आलात की नाही होणार. तुम्ही मिनिटांसकट हेच सांगत होतात. आम्ही गाडी गरम करून बोनेट लावून २० मिनिटं नुसती उभी ठेवायला हवी होती आणि तेव्हा शेजारी मीटर घेऊन उभं राहायला हवं होतं.

क्रँक सेन्सर हा इंजिनच्या फिरण्याचा सिग्नल गाडीतल्या कॉम्प्युटरला देतो, त्यावरच स्पार्क कधी द्यायचा आणि पेट्रोल कधी मारायचं ते ठरतं. तुमच्या गाडीत दोन वायरवाला आहे, त्याच्या आत केसासारख्या बारीक तांब्याच्या तारेची कॉइल असते. ती कुठेतरी तडकली की थंड असताना टोकं एकमेकांना टेकलेली राहतात, गरम झाल्यावर प्रसरण पावून सुटतात, सिग्नल गेला, मग इंजिन कितीही फिरवा, ना स्पार्क ना पेट्रोल. गार झालं की टोकं परत टेकतात. पाऊण तासाचं कोडं ते हेच.

आता दोन गोष्टी मात्र मला मान्य नाहीत, त्याही सांगतो. तुम्ही लिहिलंय की स्कॅनर लावला असता तर दोन मिनिटांत कळलं असतं. स्कॅनर म्हणजे गाडीच्या कॉम्प्युटरने नोंदवलेले फॉल्टचे कोड वाचायचं यंत्र, ते आम्ही तिन्ही वेळा लावलं होतं, एकही कोड नव्हता. या सेन्सरचा पी ०३३५ हा कोड असतो पण तो दरवेळी पडतोच असं नाही, कारण सिग्नल नसेल तर इंजिन फिरतंय हे कॉम्प्युटरला कळायलाच दुसरा काहीतरी पुरावा लागतो. चालू होत नसतानाच स्कॅनर लावून सेल्फ मारताना आरपीएम, म्हणजे इंजिनच्या मिनिटाच्या फेऱ्या, शून्य दिसतोय का ते बघितलं असतं तर मात्र नक्की पकडलं असतं, आणि त्या दुसऱ्या मेकॅनिकला गाडी त्याच अवस्थेत मिळाली. त्याने काम चांगलं केलं, त्यात वाद नाही. दुसरं, पैसे काढायला मुद्दाम फॉल्ट लपवला असं तुम्ही म्हणता, ते नाही हो ताई. आम्हाला सापडला नाही. न सापडता बॅटरी गळ्यात मारली हे वाईटच, पण ठाऊक असून गप्प बसलो असं झालेलं नाही.

हे वाचणाऱ्या कुणाची गाडी असंच करत असेल तर तिथल्या तिथे काही गोष्टी बघून ठेवा, मेकॅनिकचा निम्मा वेळ वाचेल. सेल्फ मारताना आरपीएमचा काटा जरा तरी हलतोय का बघा, पुष्कळ गाड्यांत तो ढिम्म राहिला तर संशय थेट क्रँक सेन्सरवर जातो. सेल्फ न मारता चावी दोन-तीनदा ऑन-ऑफ करा, दरवेळी पेट्रोलच्या पंपाचा दोनेक सेकंद घूं आवाज येऊ द्या, त्यानंतर चालू झाली तर गाडी बंद असताना पेट्रोलचं प्रेशर उतरतंय आणि गरम पाइपमध्ये पेट्रोलची वाफ होतेय असं समजा. पेट्रोलचा वास येत असेल तर आत जास्त पेट्रोल गेलंय, इंजेक्टर गळत असेल किंवा टेंपरेचर सेन्सर गरम इंजिनला थंड समजत असेल, अशा वेळी अ‍ॅक्सिलरेटर पूर्ण दाबून सेल्फ मारला की बऱ्याच इंजेक्शनवाल्या गाड्या पेट्रोल बंद करून नुसती हवा घेतात आणि पकडतात. आणि मेकॅनिककडे नेताना तुमचं म्हणणं कार्डवर जसंच्या तसं लिहून घ्या म्हणून अडून बसा. आमच्याकडे आजपासून गिऱ्हाईकाचं वाक्य त्याच्याच शब्दांत लिहायचं ठरलंय, आणि गरम असताना येणारा प्रॉब्लेम असेल तर गाडी गरम करून, उभी ठेवून, परत सेल्फ मारल्याशिवाय मी ओकेवर सही करणार नाही.

ताई, एक काम अजून राहिलंय आणि ते जरा निकडीचं आहे. दुसऱ्या जॉब कार्डवर फिटरने खाली लिहिलंय की एक्झॉस्टजवळच्या पत्र्याचा, म्हणजे हीट शील्डचा एक बोल्ट नाही आणि पत्रा खाली लोंबतोय. तो पत्रा त्याच सेन्सरच्या बाजूला आहे. हे आम्ही तुम्हाला सांगितलंच नाही. तो अजून तसाच असेल तर नवीन सेन्सर आणि त्याची वायर दोन्ही परत भाजतील, म्हणून लवकर आणा, बोल्ट लावून वायरिंग आणि कनेक्टर तपासून देतो, काही घेणार नाही. जुना सेन्सर जपून ठेवला असेल तर तोही आणा, तुमच्यासमोर मीटरला लावून हेअर ड्रायरने गरम करू, तार तुटली असेल तर रीडिंग डोळ्यांदेखत गायब होईल. तुम्ही याल तेव्हा मी स्वतः असेन. आणि यायची इच्छा नसेल तर निदान त्या दुसऱ्या मेकॅनिकला तेवढा पत्रा दाखवा, पैसे मी तुम्हाला तसेही पाठवतोय.