'ग्रिड नेटवरून तोडा, प्रश्न मिटला': जरा थांबा

वीजपुरवठ्याच्या, म्हणजे ग्रिड नावाच्या वीजजाळ्याच्या, सुरक्षेचा विषय निघाला की एक संदेश हमखास पुढे ढकलला जातो. शब्द थोडेफार बदलतात, मजकूर साधारण असा: "वीज शंभर वर्षं इंटरनेटशिवाय चालली. ग्रिड नेटवरून तोडा, हॅकर आत येणारच नाही. ज्यांना नेट हवंच आहे त्यांनी बँकांसारखं एन्क्रिप्शन लावावं. विद्यापीठं, प्रयोगशाळा आणि वीज कंपन्या मिळून जे 'सुरक्षा संशोधन' चालवतात ती अनुदानं खायची सोय आहे, आणि वर निष्कर्ष छापून चोराच्या हाती किल्ल्या दिल्या जातात. त्यापेक्षा हातानं चालवा, पूर्वीसारखं."

लिहिणारा मूर्ख नाही. शेवटच्या वाक्यात बरंच तथ्य आहे, त्याकडे येऊच. बाकीचं एकेक घेऊ.

"शंभर वर्षं इंटरनेटशिवाय चालली." चालली खरी. पण तेव्हा वीजकेंद्रं मोजकी होती आणि वीज एकाच दिशेनं वाहायची. आता ती लाखो छतांवरून उलटी येते आणि ढग आला की घटते. जितकी वापरली जाते तितकीच त्या क्षणी तयार व्हावी लागते. मेळ चुकला की फ्रिक्वेन्सी, म्हणजे विजेची दर सेकंदाची आवर्तनं, ५० किंवा ६० हर्ट्‌झवरून सरकते आणि फार सरकली तर यंत्रं स्वतःला वाचवायला बाहेर पडतात. फोनवर विचारून हा मेळ घालता येत नाही. कंट्रोल रूमला दिसेनासं झालं की काय होतं, हेही एकदा पाहून झालंय, तेही हॅकरशिवाय. १४ ऑगस्ट २००३ ला अमेरिकेतल्या ओहायोत एका वीज कंपनीची अलार्म यंत्रणा सॉफ्टवेअरमधल्या चुकीमुळे गप्प झाली. ऑपरेटरांना तासाभराहून जास्त वेळ पत्ता नव्हता आणि बाहेर लाइनी झाडांना टेकून एकामागून एक ट्रिप होत, म्हणजे आपोआप बंद पडत, होत्या. त्या दिवशी अमेरिका आणि कॅनडात मिळून सुमारे ५ कोटी लोकांची वीज गेली.

"नेटवरून तोडलं की हॅकर आत येत नाही." सगळ्यात लोकप्रिय मुद्दा हाच. २०१० मध्ये उघडकीला आलेल्या स्टक्सनेट या मालवेअरनं (घातक सॉफ्टवेअरनं) इराणमधल्या नतान्झच्या अणुकेंद्रातल्या ज्या यंत्रांची वाट लावली, ती इंटरनेटला जोडलेली नव्हतीच. जानेवारी २००३ मध्ये डेव्हिस-बेसी या अमेरिकी अणुवीजकेंद्रात स्लॅमर हा आपोआप पसरणारा वर्म शिरला तेव्हा फायरवॉल, म्हणजे बाहेरची नको ती वाहतूक अडवणारी भिंत, होती, पण एका कंत्राटदाराची लाइन तिला वळसा घालून आत आलेली होती. सुरक्षेची स्थिती दाखवणारी संगणक यंत्रणा जवळजवळ पाच तास बंद पडली. केंद्र त्या वेळी मुळात चालू नव्हतं, हे नशीब. ग्रिड 'तुटलेली' असते ती बहुतेकदा कागदावरच्या आकृतीत. प्रत्यक्षात कुणीतरी कधीतरी सोयीसाठी एक वायर ओढलेली असते.

पण मला सगळ्यात बोलकं वाटतं ते २०१३ मधलं एक काम. ॲडम क्रेन सॉफ्टवेअर लिहिणारा. उपकेंद्र आणि कंट्रोल रूम ज्या भाषेत बोलतात त्यांतली एक म्हणजे डीएनपी३. तिच्या मुक्त स्रोत आवृत्तीवर त्याचं काम होतं. ख्रिस सिस्ट्रंक हा वीज कंपनीतला इलेक्ट्रिकल इंजिनिअर. दोघांनी वेगवेगळ्या उत्पादकांच्या डीएनपी३ सॉफ्टवेअरला मुद्दाम वेडेवाकडे संदेश पाठवून पाहिले, म्हणजे लांबी चुकीची सांगणारे, मर्यादेबाहेरचा आकडा असलेले. एकेक करून बरीच आडवी झाली. एरवी सगळ्यांना भीती असते ती वरून खाली येणाऱ्या खोट्या हुकमाची. इथे उलटं निघालं. उपकेंद्राकडून वर आलेलं एक बिघडलेलं उत्तर कंट्रोल रूममधलं सॉफ्टवेअरच बंद पाडू शकत होतं, आणि ते पडलं की त्याच्या हाताखालच्या सगळ्या उपकेंद्रांवर एकदम पडदा.

यात खरी मेख पुढे आहे. हे दोन यंत्रांना थेट जोडणाऱ्या जुन्या सिरियल वायरवरूनही जमत होतं. इंटरनेट तर सोडाच, साधं नेटवर्कही नको. आडरानातल्या उपकेंद्राचं कुंपण ओलांडा किंवा खांबावरची पेटी उघडा, आणि आतल्या वायरीवर तो संदेश सोडा. त्या वायरीवर फायरवॉल बसवलेलीच नसते, कारण ती 'नेटवर नाही' म्हणून सगळे निर्धास्त! त्रुटी आधी उत्पादकांना आणि सरकारी यंत्रणेला कळवल्या गेल्या, दुरुस्त्या आल्या. ग्रिड नेटवरून काढली असती तरी ही भोकं तिथेच राहिली असती. आणि ती सापडायला संदेशाचा बाइट न् बाइट ओळखणारा एक आणि वीज कंपनी आतून माहीत असलेला दुसरा, असे दोघं लागले.

"बँकांसारखं एन्क्रिप्शन लावा." बँकेचा व्यवहार दोन सेकंद अडला तर कुणाचं काही जळत नाही. उपकेंद्रात बिघाड दिसला की एक रिले (बिघाड ओळखणारं उपकरण) दुसऱ्याला 'ब्रेकर उघड', म्हणजे वीज तोड, असा निरोप देतो. सगळ्यात तातडीच्या निरोपासाठी साधारण ४ मिलिसेकंदांची मुदत धरतात. २००७ च्या आयईसी ६२३५१ या आंतरराष्ट्रीय मानकानं अशा निरोपांवर डिजिटल सही करा म्हणून सांगितलं. संशोधकांनी प्रत्यक्ष मोजलं, तर रिलेतल्या छोट्या प्रोसेसरला तेवढ्या वेळात सही करणंच झेपेना. २०२० च्या आवृत्तीत दोन्ही बाजूंकडे एकच गुप्त किल्ली असणारी हलकी पद्धत आली. आणखी एक गंमत. तीनदा पासवर्ड चुकला की खातं बंद, हा बँकेचा नियम कंट्रोल रूमला लावून बघा. वादळ चालू आहे, फीडर (वस्त्यांना वीज नेणाऱ्या लाइनी) धडाधड जातायत, ऑपरेटरची बोटं थरथरतायत, आणि पडद्यावर येतं: 'तीस मिनिटांनी पुन्हा प्रयत्न करा.'

"छापून चोराच्या हाती किल्ल्या देतात." १७ डिसेंबर २०१६ च्या रात्री कीव्हजवळच्या एका उपकेंद्रावर हल्ला होऊन शहराच्या काही भागाची वीज तासाभरासाठी गेली. तिथे वापरलेलं इंडस्ट्रॉयर हे मालवेअर उपकेंद्रांच्या चार भाषा स्वतःच बोलत होतं. ते बनवणारे कुणाच्या शोधनिबंधाची वाट बघत बसले नव्हते. उलट, इसेट आणि ड्रॅगॉस या सुरक्षा कंपन्यांनी २०१७ मध्ये त्याची चिरफाड जाहीर केल्यावर जगभरच्या वीज कंपन्यांना कळलं की शोधायचं काय. त्याचाच सुधारलेला अवतार एप्रिल २०२२ मध्ये युक्रेनमध्ये पुन्हा आला, तेव्हा तिथल्या सरकारी सायबर पथकानं इसेट आणि मायक्रोसॉफ्टच्या मदतीनं तो हाणून पाडला.

छापण्याचा आणखी एक उपयोग आहे, तो या संदेशाच्या लेखकाला आवडायला हवा: घबराट कमी होते. २०१८ मध्ये प्रिन्स्टनच्या संशोधकांनी दाखवलं की नेटला जोडलेले हीटर आणि एसी एकाच क्षणी चालू-बंद केले तर फ्रिक्वेन्सी ढळू शकते. (ग्रिड तोडाल, पण लोकांच्या भिंतीवरचे एसी कसे तोडणार?) पुढच्याच वर्षी ह्वांग, कार्डेनास आणि बॉल्डिक यांनी तेच गणित संरक्षण यंत्रणा धरून मोठ्या ग्रिडच्या नमुन्यावर पुन्हा मांडलं. निष्कर्ष: काही भागांची वीज जाऊ शकते, पण आपोआप लोड कमी करणारे रिले सबंध ग्रिड कोसळण्यापासून बऱ्यापैकी वाचवतात. कार्डेनास संगणक सुरक्षेतले, बॉल्डिक विजेतले. पहिलं काम कपाटात राहिलं असतं तर दुसरं झालंच नसतं.

अनुदानाचं म्हणाल तर एक हिशेब. अमेरिकेत इलिनॉय विद्यापीठाच्या पुढाकारानं डार्टमथ, वॉशिंग्टन स्टेट आणि डेव्हिस इथल्या विद्यापीठांनी २००९ पासून चालवलेल्या ग्रिड सुरक्षा प्रकल्पाला पाच वर्षांसाठी १ कोटी ८८ लाख डॉलर मिळाले. २००३ च्या त्या एका अंधाराचा अमेरिकेतला खर्च अधिकृत अहवालात ४०० ते १,००० कोटी डॉलर धरलाय. या प्रकल्पातून फायरवॉलचे हजारो नियम तपासून 'ही वाट चुकून उघडी आहे' असं दाखवणारं साधन निघालं. डेव्हिस-बेसीची गोष्ट आठवा.

तरी तक्रार करायचीच असेल तर खरी जागा दाखवतो. असंख्य शोधनिबंध चौदा बसच्या (म्हणजे लाइनी जिथे मिळतात त्या जोडबिंदूंच्या) एका नमुना ग्रिडवर तपासलेले असतात, आणि तो नमुना १९६२ मधल्या अमेरिकी ग्रिडच्या एका तुकड्याचा आहे. वीज कंपन्या खरा डेटा देत नाहीत, विद्यापीठातली माणसं उपकेंद्रात पाऊल ठेवत नाहीत. हे सहकार्य फार झालंय असं नाही, बऱ्याच ठिकाणी ते नावापुरतंच आहे.

आता "हातानं चालवा". २३ डिसेंबर २०१५ ला युक्रेनमधल्या तीन वितरण कंपन्यांवर हल्ला झाला. सुरुवात महिन्यांपूर्वी ऑफिसातल्या ईमेलनं झाली होती. त्या दुपारी एका ऑपरेटरच्या डोळ्यांदेखत पडद्यावरचा बाण आपोआप सरकत एकेक ब्रेकर उघडत गेला. माउस त्याच्या हातात असून उपयोग नव्हता. उपकेंद्रांशी बोलणाऱ्या कन्व्हर्टरचं फर्मवेअर (आतलं मूळ सॉफ्टवेअर) पुसलं गेलं, तक्रार केंद्राचे फोन खोट्या कॉलनी अडवले गेले. सुमारे सव्वादोन लाख ग्राहकांची वीज गेली. ती काही तासांत परत आली, कारण माणसं उपकेंद्रांवर गेली आणि त्यांनी ब्रेकर हातानं लावले. इथपर्यंत संदेश बरोबर आहे. अमेरिकेनं २०१९ मध्ये कायदा करून नेमकं हेच राष्ट्रीय प्रयोगशाळांना अभ्यासायला सांगितलं: मोक्याच्या जागी साधं ॲनालॉग उपकरण किंवा माणूस परत आणता येईल का. ते सुचवायला आणि तपासायलाही संशोधनच लागलं.

हातानं चालवायलाही सराव लागतो. नोव्हेंबर २०१८ मध्ये न्यूयॉर्क राज्यातल्या प्लम बेटावर डार्पा या अमेरिकी संरक्षण संशोधन संस्थेनं असा सराव घेतला. खरी उपकेंद्रं, वीज पूर्ण गेलेली, आणि हल्ला अजून चालूच. वीज कंपन्यांची माणसं आणि सायबर संशोधक यांनी मिळून शून्यातून ग्रिड उभी करायची होती. जनरेटर जुळवून लाइन कशी भारायची ते एकांना येत होतं. पण समोरच्या पडद्यावरचा व्होल्टेजचा आकडा खरा की हल्लेखोरानं लिहिलेला, हे सांगायला दुसरे लागत होते, आणि ते सांगेपर्यंत ब्रेकरला हात लावायची सोय नव्हती.